स्टेट टॅक्सचा रिफंड अडकलाय? रिटर्न पुन्हा भरण्याआधी हे तपासा

फेब्रुवारीत टॅक्स भरला, मार्चमध्ये फेडरलचा रिफंड खात्यात पडला आणि मे संपत आला तरी स्टेटच्या पैशांचा पत्ता नाही. इकडे न्यू जर्सीत आपल्या लोकांकडून हा प्रश्न दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ऐकू येतो. विचारणाऱ्याचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "परत एकदा रिटर्न भरून टाकू का?" नका भरू. एकाच वर्षाची दोन रिटर्न्स स्टेटकडे गेली की खरं कुठलं हे ठरवायला माणूस बसवावा लागतो, आणि तोवर दोन्ही थांबतात.

मी पेशाने अकाउंटंट नाही, पण ओळखीच्या लोकांचे असे रिफंड शोधून द्यायला बसतो. रिफंड अडकला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा तो अडकलेला नसतोच. एक तर रिटर्न स्टेटपर्यंत पोचलेलं नसतं, किंवा आपण चुकीचा आकडा घालून शोधत असतो. स्टेटने काही विचारलंय किंवा रक्कम बदललीय, ही शक्यता त्यानंतरची. म्हणून कुठल्या क्रमाने तपासायचं याला महत्त्व आहे आणि मी त्याच क्रमाने लिहितोय. उदाहरणं मुख्यतः न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि कॅलिफोर्नियाची आहेत.

फेडरल वेगळं, स्टेट वेगळं

आयआरएसच्या, म्हणजे केंद्राचा (फेडरल) टॅक्स गोळा करणाऱ्या खात्याच्या, 'व्हेअर्स माय रिफंड' या पानावर फक्त फेडरलचा रिफंड दिसतो. तिथे 'पाठवला' असं आलं म्हणून स्टेटचाही निघाला असं होत नाही. स्टेटचा कारभार पूर्ण स्वतंत्र असतो. न्यू जर्सीत डिव्हिजन ऑफ टॅक्सेशन, न्यूयॉर्कमध्ये डिपार्टमेंट ऑफ टॅक्सेशन अँड फायनान्स, कॅलिफोर्नियात फ्रँचाइज टॅक्स बोर्ड आणि पेनसिल्व्हेनियात डिपार्टमेंट ऑफ रेव्हेन्यू. प्रत्येकाचं रिफंड शोधायचं पान वेगळं.

भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला हे पटकन उमगत नाही, कारण तिकडे पगारावरचा इन्कम टॅक्स केंद्राचाच असतो. राज्य सरकारचा म्हणून जो व्यवसाय कर कापला जातो तो वर्षाला फार तर २,५०० रुपये. इथे स्टेटचा वाटा चांगलाच मोठा असतो. पेनसिल्व्हेनियात सरसकट ३.०७ टक्के, इलिनॉयमध्ये ४.९५ टक्के. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात उत्पन्न वाढेल तसा दर चढतो. कॅलिफोर्नियात सगळ्यात वरचा दर १३.३ टक्क्यांपर्यंत जातो. टेक्सस, फ्लोरिडा, नेवाडा, टेनेसी, वायोमिंग, साउथ डकोटा, अलास्का, वॉशिंग्टन आणि न्यू हॅम्पशायर इथे पगारावर स्टेटचा इन्कम टॅक्स नाही. पण तुम्ही वर्षाच्या मध्येच न्यू जर्सीतून टेक्ससला गेला असाल, तर न्यू जर्सीत राहिलेल्या महिन्यांचं रिटर्न भरावंच लागतं, आणि त्याचा रिफंडही न्यू जर्सीच देणार.

स्टेटचं रिटर्न खरंच गेलंय का?

सगळ्यात आधी हेच बघा. सॉफ्टवेअरवर 'पाठवलं' दिसणं आणि स्टेटने 'स्वीकारलं' असं कळणं यात फरक आहे. ई-फाइल केल्यावर दोन वेगळ्या पोचपावत्या यायला हव्यात, एक फेडरलची आणि एक स्टेटची. ईमेल उघडा आणि स्टेटची पावती शोधा. सापडली नाही तर सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन करून स्टेटच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा.

इथे घोळ होतो तो असा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्टेटचं रिटर्न फेडरलच्या पाठोपाठ जातं. गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा आकडा जुळला नाही अशा एखाद्या कारणाने फेडरल परत आलं, की स्टेटही तिथेच थांबतं. तुम्ही चूक दुरुस्त करून फेडरल पुन्हा पाठवता, ते स्वीकारलं जातं, हायसं वाटतं. स्टेट मात्र पुन्हा पाठवायचं राहून जातं आणि त्याबद्दल कुणी आठवण करत नाही. दुसरा प्रकार फुकटच्या सॉफ्टवेअरचा. फेडरल फुकट असतं, स्टेटला पैसे पडतात, आणि माणूस त्या पानावर थांबून नंतर बघू म्हणतो. आयआरएसचे फ्री फाइल फिलेबल फॉर्म्स वापरले असतील तर त्यात स्टेटची सोयच नाही. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. सॉफ्टवेअरने स्टेटचं रिटर्न छापून, सही करून टपालाने पाठवायला सांगितलेलं असतं. लोक ती पीडीएफ फाइल जपून ठेवतात आणि रिटर्न भरलं असं समजतात.

नावाचाही मुद्दा आहे, आणि तो आपल्याकडे जास्त येतो. आयआरएस सोशल सिक्युरिटी नंबरसोबत आडनावाची पहिली चार अक्षरं ताडून बघते. लग्नानंतर पासपोर्टवर नवीन आडनाव आलं, सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचंच राहिलं आणि रिटर्नवर नवीन लिहिलं, की फेडरल परत येतं आणि त्यासोबत स्टेटही. आपल्या नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं; कार्ड काढताना ते कधी आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. रिटर्नवर तेच नाव लिहायचं जे सोशल सिक्युरिटी कार्डावर छापलंय. कार्डावरचं नाव चुकलं असेल तर आधी कार्ड दुरुस्त करून घ्या.

स्टेटचं रिटर्न गेलेलंच नाही असं निघालं, तर मग ते आत्ता भरायचं. ते पुन्हा भरणं नव्हे, पहिल्यांदाच भरणं आहे. त्यासाठी सॉफ्टवेअरला पैसे मोजायलाच हवेत असंही नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि कॅलिफोर्निया या चारही ठिकाणी स्टेटच्या वेबसाइटवरून फुकट रिटर्न भरायची सोय आहे. नियमांत बसता का तेवढं आधी बघून घ्या.

रिटर्न सापडत नाही असं पान म्हणतंय

पावती हातात आहे, तरी स्टेटच्या पानावर माहिती घातली की काही सापडत नाही. घाबरू नका, आकडा तपासा.

न्यू जर्सीचं पान सोशल सिक्युरिटी नंबर आणि रिफंडची नेमकी रक्कम विचारतं. न्यूयॉर्क त्यासोबत वर्ष आणि फॉर्म कुठला भरला तेही विचारतं. तिथे राहणाऱ्यांचा आयटी-२०१ आणि बाहेर राहून तिथे कमावणाऱ्यांचा आयटी-२०३. कॅलिफोर्नियाला वर पत्त्यातला घरनंबर आणि झिप कोडही लागतो, आणि तो रिटर्नवर होता तोच. तुम्ही मधल्या काळात फ्रीमाँटहून सनीव्हेलला गेला असाल तर जुनाच पत्ता घालायचा.

रक्कम सॉफ्टवेअरच्या शेवटच्या पानावरून घेऊ नका. तिथे बऱ्याचदा फेडरल आणि स्टेट मिळूनची बेरीज ठळक अक्षरांत असते. स्टेटच्या फॉर्मची पीडीएफ उघडा, रिफंडची ओळ शोधा आणि तिथला पूर्ण डॉलरचा आकडा घ्या. त्यातला काही भाग पुढच्या वर्षाच्या टॅक्सकडे वळवला असेल किंवा फॉर्मवरच एखाद्या निधीला दिला असेल, तर तो वजा जाऊन उरलेली रक्कम घालायची.

नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न असेल तर फॉर्मवर ज्याचं नाव पहिलं त्याचाच नंबर चालतो. बायको रोज तिचा नंबर घालून बघतेय आणि रिटर्नवर पहिलं नाव नवऱ्याचं आहे, असं खूप घरांत होतं.

किती थांबायचं

न्यू जर्सी ई-फाइल केलेल्या रिटर्नला किमान ४ आठवडे आणि कागदी रिटर्नला किमान १२ आठवडे धरायला सांगते. कॅलिफोर्नियात ई-फाइलला ३ आठवड्यांपर्यंत, कागदीला ३ महिन्यांपर्यंत. त्याच्या आत फोन करून हाती काही लागत नाही. तपासणीसाठी बाजूला काढलेल्या रिटर्नला याहून जास्त वेळ जातो. न्यू जर्सीने सहा महिन्यांपेक्षा जास्त लावले तर रिफंडवर व्याज मागायचा हक्क तुम्हाला आहे.

न्यू जर्सीत घरमालक आणि भाडेकरूंना मिळणारी अँकर या मालमत्ता कर सवलत योजनेची रक्कम ही इन्कम टॅक्सचा रिफंड नव्हे. ती वेगळ्या अर्जाने, वेगळ्या वेळी येते. ती या पानावर शोधू नका.

पत्र आलंय का?

मुदत उलटून गेली असेल तर टपालपेटीतले लिफाफे नीट बघा. स्टेटला काही विचारायचं असेल तर ते बहुधा कागदी पत्र पाठवतात आणि उत्तर येईपर्यंत फाइल हलत नाही. न्यूयॉर्कचं डीटीएफ-९४८ हे त्यातलं नेहमीचं पत्र. त्यात पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा फॉर्म) किंवा राहण्याचा पुरावा मागतात. काही पत्रं फक्त तुम्ही तेच आहात ना याची खात्री करण्यासाठी असतात, कारण दुसऱ्याच्या नंबरवर खोटं रिटर्न भरून रिफंड लाटण्याचे प्रकार इथे खूप झालेत. अशा पत्राला घाबरायचं कारण नाही, पण मुदतीत उत्तर द्या, मागितलंय तेवढंच द्या आणि पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवा. घर बदललं असेल तर पोस्ट ऑफिसला कळवून भागत नाही, टॅक्स खात्यालाही वेगळं कळवा.

फोनवर "तुमचा स्टेट रिफंड मंजूर झाला, बँकेची माहिती भरा" असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा आहे. टॅक्स खाती मेसेजवर बँक खातं विचारत नाहीत. लिंक न उघडता मेसेज काढून टाका. भारतातून आलेले आई-वडील घरातला फोन उचलतात, त्यांनाही हे समजावून ठेवा.

आला, पण कमी आला

आता मुख्य दुखणं. इथे डब्ल्यू-२ समोर ठेवून बसावं लागतं.

डब्ल्यू-२ च्या तळाशी १५, १६ आणि १७ क्रमांकाचे चौकोन स्टेटचे असतात. १५ मध्ये स्टेटची दोन अक्षरं आणि कंपनीचा त्या स्टेटमधला नंबर, १६ मध्ये स्टेटच्या हिशेबाने पगार, १७ मध्ये स्टेटसाठी कापलेला टॅक्स. आता वरचा १ नंबरचा चौकोन बघा, तो फेडरलच्या हिशेबाचा पगार. न्यू जर्सीत १६ मधला आकडा १ पेक्षा बऱ्याचदा मोठा असतो. कारण आरोग्य विम्याचा पगारातून जाणारा हप्ता आणि एचएसए या औषधोपचाराच्या बचत खात्यात टाकलेले पैसे फेडरलमध्ये वजा होतात, न्यू जर्सीत होत नाहीत. पेनसिल्व्हेनिया तर ४०१-के या निवृत्तीच्या बचत खात्यात टाकलेल्या पैशांवरही टॅक्स लावते. हाताने आकडे भरताना कुणी १ मधला आकडा स्टेटलाही लिहिला, की स्टेट आपल्याकडची नोंद काढते, फरक काढते आणि रिफंड कापते. मग पत्र येतं की तुमचं उत्पन्न कमी दाखवलं होतं. त्यात तुम्ही काही लपवलं असं कुणी म्हणत नसतं, चौकोन चुकलेला असतो.

वर्षात नोकरी बदलणाऱ्या न्यू जर्सीकरांनी १४ नंबरचा चौकोनही बघावा. बेरोजगारी विमा, अपंगत्व विमा आणि कुटुंब रजा विमा यांच्या कपातीला वर्षाची कमाल मर्यादा असते, पण दोन कंपन्यांना एकमेकींचं काही माहीत नसतं. दोघी पूर्ण कापतात. जास्तीचे पैसे एनजे-२४५० हा फॉर्म जोडून परत मिळतात. मात्र डब्ल्यू-२ वर या रकमा वेगवेगळ्या दाखवलेल्या नसतील तर स्टेट ते मान्य करत नाही. अशा वेळी स्टेटशी भांडून उपयोग नाही, कंपनीच्या पेरोलकडून सुधारित डब्ल्यू-२ मागा. एकाच कंपनीने मर्यादेपेक्षा जास्त कापलं असेल तर तेही कंपनीकडूनच परत घ्यायचं.

तिमाही आगाऊ टॅक्स भरणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण दिसतं. पैसे बायकोच्या नंबरवर भरलेले असतात आणि एकत्र रिटर्नवर पहिला नंबर नवऱ्याचा. स्टेटच्या संगणकाला ते पैसे सापडत नाहीत आणि तेवढा रिफंड कमी होतो. बँकेतून गेलेल्या पैशांची नोंद आणि कोणाच्या नंबरवर भरले ते लिहून पाठवलं की हे सुटतं.

थकबाकीसाठीही रिफंड वळवला जातो. कॅलिफोर्नियात मुलांच्या पोटगीची थकबाकी किंवा वाहतुकीचे न भरलेले दंड यात जाऊ शकतात. आयआरएसची देणी असतील तर स्टेटचा रिफंड तिकडे जाऊ शकतो, आणि स्टेटची देणी फेडरल रिफंडमधूनही वसूल होतात. त्याचंही पत्र येतं. त्यावर कोणत्या खात्याची थकबाकी आहे ते लिहिलेलं असतं, विचारपूस त्या खात्याकडे करायची.

राहायला एका स्टेटमध्ये, कामाला दुसऱ्या

एडिसनहून ट्रेनने मॅनहॅटनला जाणाऱ्या माणसाची दोन रिटर्न्स असतात. न्यूयॉर्कचं आयटी-२०३ आणि न्यू जर्सीचं एनजे-१०४०. आधी न्यूयॉर्कचं पूर्ण करायचं, कारण तिथे जो टॅक्स खरोखर बसला त्याचं श्रेय (क्रेडिट, म्हणजे इथल्या टॅक्समधून वजावट) न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये एनजे-सीओजे या तक्त्यात घ्यायचं असतं. इथली हमखास चूक म्हणजे डब्ल्यू-२ च्या १७ मधला आकडा, म्हणजे कापलेला टॅक्स, श्रेय म्हणून लिहिणं. श्रेय मिळतं ते न्यूयॉर्कच्या रिटर्नवर हिशेब करून निघालेल्या टॅक्सचं, तेही न्यू जर्सीने घातलेल्या मर्यादेपर्यंत. न्यूयॉर्क तुम्हाला त्यातले काही पैसे परत देणार असेल तर त्याच पैशांवर न्यू जर्सी श्रेय कसं देईल? अशा डब्ल्यू-२ वर स्टेटच्या दोन ओळी असू शकतात आणि दोन्हीत पगार छापलेला असतो. ते दोन आकडे एकत्र करू नका, पगार एकच आहे.

घरून काम केलेल्या दिवसांचा टॅक्स न्यूयॉर्ककडून परत मागणारे बरेच जण आहेत. न्यूयॉर्कचा नियम कडक आहे. कंपनी न्यूयॉर्कची असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी घरून काम केलं असेल, तर ते दिवसही न्यूयॉर्कचेच धरले जातात. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण तो लागू आहे, आणि नुसते दिवस वजा करून मागितलेला रिफंड चौकशीत जाऊन बसतो.

फिलाडेल्फियाचं गणित उलट आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात करार आहे की पगारावर फक्त राहत्या स्टेटचा टॅक्स. चेरी हिलला राहून फिलाडेल्फियात काम करणाऱ्याने कंपनीला आरईव्ही-४१९ हा फॉर्म द्यायचा, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापला जात नाही. तो द्यायचा राहिला आणि पगार एक लाख डॉलर असेल, तर ३,०७० डॉलर पेनसिल्व्हेनियाकडे गेले. ते न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये श्रेय म्हणून मिळत नाहीत. पेनसिल्व्हेनियाचं पीए-४० रिटर्न भरून, तिथला करपात्र पगार शून्य दाखवून आणि न्यू जर्सीच्या रिटर्नची प्रत जोडून ते तिथूनच परत मागायचे. न्यू जर्सीला मात्र त्या पूर्ण पगारावरचा टॅक्स वेळेत भरायचा. फिलाडेल्फिया शहराचा पगारावरचा कर, म्हणजे वेज टॅक्स, या करारात येत नाही. तो कापला जातो आणि त्याचं श्रेय न्यू जर्सी देते.

पैसे पाठवले म्हणतात, खात्यात नाहीत

पानावर पाठवल्याची तारीख आहे आणि खातं रिकामं, तर रिटर्नवरचा राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक एकेक आकडा ताडून बघा. खातं बंद असेल किंवा आकडा चुकला असेल तर बँक सहसा पैसे परत पाठवते आणि मग स्टेट रिटर्नवरच्या पत्त्यावर कागदी चेक धाडते. त्यात आणखी काही आठवडे जातात.

सॉफ्टवेअरची फी रिफंडमधून कापून घ्या असं निवडलं असेल, तर रिफंड आधी त्यांच्या मधल्या बँकेत जातो आणि फी वजा होऊन तुमच्याकडे येतो. स्टेटकडे दिसणारे खात्याचे शेवटचे आकडे तेव्हा तुमचे नसतात. खातं कुणी बदललं की काय, या शंकेने लोक हादरतात. आधी सॉफ्टवेअरची पावती बघा आणि त्या मधल्या बँकेच्या पानावर चौकशी करा. माझ्या मते फी कार्डाने भरलेली कधीही बरी.

कायमचे भारतात परतणाऱ्यांना कळकळीने सांगतो, इथलं बँक खातं शेवटचा रिफंड येईपर्यंत बंद करू नका. थेट खात्यात पैसे यायला अमेरिकेतल्या बँकेचा नऊ आकडी राउटिंग नंबर लागतो, पुण्यातल्या खात्यात स्टेट पैसे पाठवत नाही. चेक पुण्याला पोचला तरी डॉलरचा चेक वटवणं जिकिरीचं. न वटलेला चेक पुढे स्टेटच्या बेवारस मालमत्तेच्या विभागाकडे जातो. तिथूनही तो मिळतो, मात्र पुन्हा कागदपत्रं आली.

विद्यार्थी, आणि नंबर नसलेले जोडीदार

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरची मुलं उन्हाळी इंटर्नशिप करतात, स्टेटचा टॅक्स कापला जातो आणि पुढे विसरून जातात. न्यू जर्सीत एकट्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न १०,००० डॉलरपर्यंत असेल तर टॅक्स बसत नाही, पण कापलेले पैसे परत हवे असतील तर रिटर्न भरावं लागतं. एक लक्षात ठेवा, भारत-अमेरिका कराराने विद्यार्थ्यांना फेडरलमध्ये स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया असे करार मानत नाहीत. फेडरलचे आकडे जसेच्या तसे स्टेटला लावले की हिशेब चुकतो.

एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर त्याऐवजी आयटीआयएन हा टॅक्सपुरता नंबर आयआरएसकडून काढावा लागतो. त्याचा डब्ल्यू-७ अर्ज फेडरल रिटर्नसोबत कागदी जातो, आणि टॅक्सच्या हंगामात त्याला ९ ते ११ आठवडे लागतात असं आयआरएस सांगते. तोवर स्टेटचं ई-फाइल होत नाही. कागदी रिटर्न पाठवायचं असेल तर डब्ल्यू-७ ची प्रत जोडा. पुढे नोकरीचा परवाना मिळून सोशल सिक्युरिटी नंबर आला, तर जुना आयटीआयएन वापरणं थांबवा आणि आयआरएसला व स्टेटला दोघांनाही कळवा.

पुढच्या वर्षी येणारा १०९९-जी

मिळालेल्या स्टेट रिफंडची नोंद १०९९-जी या फॉर्मवर असते. न्यू जर्सी तो टपालाने पाठवत नाही, वेबसाइटवर बघायचा. हा रिफंड फेडरलमध्ये उत्पन्न धरायचा की नाही हे गेल्या वर्षी तुम्ही काय केलं त्यावर ठरतं. स्टँडर्ड डिडक्शन घेतलं असेल तर धरायचा नाही. स्टेटचा टॅक्स खर्च म्हणून वजा केला असेल आणि त्याचा फायदा मिळाला असेल तरच धरायचा. एच-१बी वर वर्षाच्या उत्तरार्धात आलेले आणि पहिल्या वर्षी १०४०-एनआर हे अनिवासींचं फेडरल रिटर्न भरलेले लोक इथे चुकतात. त्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, म्हणून स्टेटचा टॅक्स वजा केलेला असतो, आणि पुढच्या वर्षी रिफंड दाखवायचा राहतो.

सगळं करूनही हलत नसेल

खरंच चूक सापडली तर सुधारित रिटर्न भरा. न्यू जर्सीत एनजे-१०४०एक्स, न्यूयॉर्कमध्ये आयटी-२०१-एक्स, कॅलिफोर्नियात शेड्यूल एक्स. मूळ रिटर्न निकालात निघेपर्यंत थांबून मगच. जुन्या वर्षाचा रिफंड मागायची मुदत न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये साधारणपणे ३ वर्षं, कॅलिफोर्नियात ४ वर्षं. पत्रांना उत्तरं देऊनही महिनोनमहिने काहीच हालचाल नसेल तर स्टेटच्या टॅक्सपेयर ॲडव्होकेट कार्यालयाकडे तक्रार करा. तुमच्या भागातल्या स्टेट असेंब्लीच्या प्रतिनिधीचं कार्यालयही टॅक्स खात्याकडे विचारणा करू शकतं. मतदार नसलात तरी तिथले रहिवासी म्हणून मागायला हरकत नाही. नागरिकत्व नाही म्हणून आपले लोक तिथे जायला कचरतात, तसं करू नका.

दरवर्षी मोठा रिफंड येत असेल तर

मग मुळाशी जा. स्टेटचा मोठा रिफंड म्हणजे वर्षभर पगारातून जास्त कापलेले, बिनव्याजी ठेवलेले तुमचेच पैसे. ते अडकू नयेत यासाठी ते मुळात कमी जाणं हाच उपाय. कंपनीकडे नोकरीच्या पहिल्या दिवशी घाईत भरलेला फॉर्म अजून तसाच असतो. न्यू जर्सीत एनजे-डब्ल्यू४, न्यूयॉर्कमध्ये आयटी-२१०४, कॅलिफोर्नियात डीई ४. लग्न झालं, मूल झालं, घर बदललं, जोडीदार कामाला लागला, की फेडरलच्या डब्ल्यू-४ सोबत हाही बदलायचा. दोघंही कमावत असाल तर एनजे-डब्ल्यू४ च्या सूचनांमधला तक्ता वापरून कपातीचा दर ठरवणारं अक्षर निवडा, अंदाजाने नको. तिथे चुकलं तर रिफंडऐवजी एप्रिलमध्ये भरणा निघतो. नवीन फॉर्म दिल्यावर पुढच्या एक-दोन पगाराच्या स्लिपांवर स्टेटची ओळ बदलली का ते बघा, आणि नसेल बदलली तर पेरोलला त्याच आठवड्यात लेखी कळवा.